एक जूनची माणसं

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलं आहे.)



मला विषय दिलाय, परदेशातल्या आपल्या घरातले सण आणि वाढदिवस. कार्यकर्त्याचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, अरे, शिबिरात लोक जमिनीवर बोलतात, आरक्षणावर बोलतात, अत्याचारावर बोलतात. मी काय केकवर बोलू? तो म्हणाला, ताई, केकवरच बोला. तर बोलते.

मी विचारवंत नाही. नर्स आहे. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढले, नर्सिंग केलं, मुंबईत नोकरी केली. २०१७ साली नवरा आणि पोरगी यांना घेऊन इंग्लंडला गेले. मिडलंड्समधल्या एका शहरात सात वर्षं काढली आणि २०२४ ला परत आले. नवरा तिकडे गोदामात नाइट शिफ्ट करायचा. म्हणजे फॉरेन रिटर्न म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं, ते आम्ही नव्हतो.

आधी एक काम करा. ज्यांच्या आईचा, बापाचा, आजा-आजीचा वाढदिवस कागदावर १ जून आहे त्यांनी हात वर करा.

बघा. अर्धा हॉल.

एवढी माणसं एकाच दिवशी कशी जन्मली? शाळा जूनमध्ये सुरू होते. बाप पोराला घेऊन मास्तरासमोर उभा राहतो. मास्तर विचारतो, जन्म कधीचा? बाप म्हणतो, पाऊस लई झाला त्या साली. मास्तर पोराकडे बघतो, दात बघतो, वय बसवतो आणि लिहितो १ जून. संपलं. सगळ्या खेड्यापाड्यांतल्या गरिबाचं असंच झालं, फक्त आपलंच नाही, हे मला माहीत आहे. पण ज्याच्या दारात पंचांगवाला भटजी येत होता त्याच्या पोराच्या घटका आणि पळं लिहिलेली असायची. आपल्या दारात तो येतच नव्हता. त्याच्या पंचांगाचं आपल्याला काही अडलेलं नाही. पण आपल्या माणसाचा जन्म कुणी लिहून ठेवण्यासारखा मानला नाही, हे विसरायचं नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, कागदावर १ जूनचे. गाव सातारा जिल्ह्यातलं. आजी सांगायची, तू जळिताच्या आधी पंधरवडाभर झालास, थंडी मरणाची होती. जळीत म्हणजे १९४८ साली गांधींच्या खुनानंतर तिकडे वाडे जाळले गेले ते. म्हणजे आप्पा जानेवारीतले. पण मास्तरनं जून लिहिला तो आयुष्यभर त्यांच्या मागे लागला. गिरणीच्या कार्डावर जून, रेशनकार्डावर जून, पासपोर्टावर जून. आईची गंमत आणखी पुढची. ती शाळेतच गेली नाही. आधार कार्ड काढताना तिनं वय सांगितलं आणि मशीननं १ जानेवारी टाकली. आप्पांना मास्तरनं जन्म दिला आणि आईला कॉम्प्युटरनं.

जुलै २०१९ मध्ये दोघं सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले. विमानतळावरच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं आईचा पासपोर्ट बघितला आणि हसून म्हणाला, नवीन वर्षाच्या दिवशी जन्मलात, नशीबवान आहात. आईनं मला विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं. ती म्हणाली, सांग त्याला, ती तारीख मशीनची हाय. मी सांगितलं नाही. मागे रांग होती.

आता तिकडची गोष्ट ऐका. इंग्लंडात वाढदिवस म्हणजे लहान पोराचा जाहीरनामा असतो. वर्गात भिंतीवर बारा महिन्यांचे कागद, प्रत्येकावर त्या महिन्यातल्या पोरांची नावं. पार्टीला सगळ्या वर्गाला बोलवायचं, जाताना प्रत्येक पोराच्या हातात खाऊची पिशवी द्यायची. माझ्या लहानपणी आप्पा रावळगावच्या गोळ्या आणायचे, मी वर्गात वाटायचे, वाढदिवस झाला. आणि इथं माझी पोरगी जानेवारीपासून सप्टेंबरचे दिवस मोजायची.

पण पार्टीच्या आधी एक कबुली द्यायची आहे. ती दिल्याशिवाय पुढचं बोलण्याचा मला हक्क नाही.

गेलो त्या वर्षी आम्ही एकटे होतो. थंडी, अंधार, कुणाशी मराठीत बोलणं नाही. दुकानात एक मराठी बाई भेटली. तिच्यामुळे तिथल्या मराठी मंडळाची ओळख झाली. संक्रांतीचं हळदीकुंकू, पाडवा, गणपती, दिवाळी. मराठी ऐकायला मिळतं म्हणून आम्ही जायचो. खोटं कशाला बोलू, पुरणपोळी मलाही आवडते. पण पहिल्याच दिवशी प्रश्न सुरू झाले. आडनाव काय? सांगितलं. आडनावावरून नीट कळेना. मग गाव कुठलं? मग मुंबईत कुठं? वरळी म्हटल्यावर, वरळीत कुठं? मग श्रावणात तुमच्यात काय करतात? सरळ जात कोणी विचारत नाही. शिकलेली माणसं आहेत. पण खोदकाम असं करतात की पुरातत्त्व खात्यानं शिकावं.

आमच्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो होता, बुद्धाची मूर्ती होती. मूर्तीची अडचण नव्हती. बुद्ध तिकडे गोऱ्यांच्या बाथरूममध्येसुद्धा शोभेला ठेवलेला असतो. अडचण होती फोटोची. मंडळातलं पहिलं कुटुंब आमच्याकडे जेवायला यायचं होतं त्या दिवशी मी फोटो उतरवला, साडीत गुंडाळला आणि कपाटात ठेवला. मी. बीडीडी चाळीतली पोरगी. चौदा एप्रिलला मिरवणुकीच्या पुढे नाचणारी. नवऱ्यानं बघितलं आणि तो काही बोलला नाही. तोही मनातून सुटल्यासारखा झाला असणार. पाहुणे गेल्यावर परत लावला. पुढच्या वेळी परत काढला. मग तिसऱ्या वेळी परत लावायचा कंटाळा आला. फोटो कपाटातच राहिला. भिंतीवर खिळा राहिला.

आप्पा आले आणि पहिल्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी तो खिळा बघितला. काही बोलले नाहीत. दोन महिने काही बोलले नाहीत.

ऑगस्टात आम्ही त्यांना लंडनला नेलं. दहा, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये जिथं राहिले ते घर. महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली विकत घेतलं. आम्ही बाहेरूनच बघितलं. आप्पा पाटीसमोर टोपी काढून उभे राहिले. तेव्हा त्या घरात स्मारक असू द्यायचं की नाही यावर वाद चालू होता. आजूबाजूच्या काही रहिवाशांची तक्रार होती की माणसं येतात, गर्दी होते, आवाज होतो. तिथल्या कौन्सिलनं परवानगी नाकारलेली होती. ती शेवटी मार्च २०२० मध्ये मंत्र्याकडून मिळाली. मी आप्पांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, म्हंजे हितंबी वस्तीत घर मिळंना.

परतीच्या गाडीत ते बोटांवर काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, साहेबांचे किती वाढदिवस परदेशात गेले गं? मग आम्ही दोघांनी मोजले. १९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कला गेले. १९१४, १९१५, १९१६ चे चौदा एप्रिल न्यूयॉर्कला. १९१७ चा लंडनला. मग शिष्यवृत्ती संपली, परत आले. १९२० ला पुन्हा गेले, १९२१ आणि १९२२ चे चौदा एप्रिल पुन्हा तिकडेच. सहा. ज्या माणसाच्या जयंतीला आज लाखो लोक रस्त्यावर येतात त्याचे सहा वाढदिवस अशा देशांत गेले जिथं त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. धनंजय कीरांनी लिहिलंय की लंडनला रात्री भूक लागली की ते पापड भाजून खायचे. केक कुणी कापला असेल असं मला वाटत नाही. आणि इकडे परळला रमाई घर ओढत होती. परदेशातलं शिक्षण म्हटलं की आपल्याला कोटातला फोटो आठवतो. त्या कोटाची किंमत घरात राहिलेल्या बाईनं दिली, हे पण आठवायला पाहिजे.

सप्टेंबर आला. २१ तारखेला पोरगी सहा वर्षांची होणार होती, शनिवार होता. वर्गातली पोरं बोलावली. पोलिश, सोमाली, पाकिस्तानी, गोरी, एक नायजेरियन जुळ्यांची जोडी. आणि मंडळातली चार कुटुंबं. सकाळी मी फुगे फुगवत होते. मागे हातोडीचा आवाज आला. वळून बघते तर आप्पा स्टुलावर. खिळा ढिला झाला होता, तो ठोकत होते. खाली आईच्या हातात बाबासाहेबांचा फोटो, माझी साडी बाजूला घडी करून ठेवलेली.

मी म्हटलं, आप्पा, आज नको.

ते स्टुलावरूनच म्हणाले, बाय, आमाला गिरणीत इणकाम खात्यात घेत नव्हते. ठाऊक हाय का? धोट्यातला धागा तोंडानं वढावा लागतो, आमचं तोंड लागलं तर बाटंल म्हणून. माझा बाप रिंग खात्यात मेला, मी रिंग खात्यात काम केलं. पर आमी कदी सांगितलं न्हाई की आमी दुसरं कुणी हाय.

तोंडानं धागा ओढायची ही गोष्ट इतिहास आहे. विणकाम खातं चांगल्या पगाराचं आणि ते अस्पृश्यांना बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही गोष्ट कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवली होती. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण बापानं स्टुलावर उभं राहून सांगितलं तेव्हा कळलं.

फोटो लागला. फोटोच्या खाली केकचं टेबल.

मंडळातली माणसं आली. बायका आत आल्या, भिंतीकडे बघितलं आणि अर्धा क्षण शांतता झाली. ती शांतता तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. नवीन ऑफिसात, हॉस्टेलच्या खोलीत, भाड्याच्या घराच्या दारात. मग सगळं गोड सुरू झालं. कोणी वाईट शब्द बोललं नाही. केक खाल्ला, फोटो काढले. एका कुटुंबाला लवकर जायचं आठवलं. दोन बायकांनी जेवण नको म्हणून सांगितलं, आज उपास आहे म्हणाल्या. केकमध्ये अंडं होतं, तो उपासाला चालला.

पुढच्या महिन्यात त्यातल्याच एका घरी पोराचा वाढदिवस होता. माझी पोरगी आणि तो पोरगा शाळेत शेजारी बसायचे. वर्गातल्या सगळ्यांना कार्ड मिळालं. हिला नाही. ती मला म्हणाली, आई, कार्ड हरवलं असेल ना? मी म्हटलं, हो, हरवलं असेल.

मित्रांनो, इकडे जात हाकलते. मारते, जाळते. तिकडे जात फक्त बोलवत नाही. तुम्ही तक्रार कुठं करणार? वाढदिवसाला बोलावलं नाही म्हणून कुठल्या पोलिसात जाणार? आणि सहा वर्षांच्या पोराला काय सांगणार?

कायद्याचं बोलायचं तर तेही सांगते, कारण तुमच्यातले पुष्कळ जण उद्या तिकडे जातील. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात सरकारला जातीचा समावेश करायची मुभा होती. २०१३ साली पार्लमेंटनं मुभेची सक्ती केली, म्हणजे समावेश कराच. मग २०१७ साली सरकारनं लोकांची मतं मागवली. आणि जुलै २०१८ ला जाहीर केलं की करणार नाही, कोर्टाचे निकाल पुरेसे आहेत. निकाल कुठला? भारतातून घरकामाला नेलेल्या एका आदिवासी बाईचा खटला. तिला तासाला ११ पेन्स पडत होते. २०१४ साली अपिलात न्यायाधीशानं म्हटलं की जात ही ‘वांशिक मूळ’ या शब्दांत बसू शकते. २०१५ साली तिला १ लाख ८३ हजार पौंडांच्या वर रक्कम देण्याचा आदेश झाला. म्हणजे एका मोलकरणीनं जी वाट पाडली तिच्यावर सरकार हात झटकून उभं राहिलं. कायद्यात जात घालू नका म्हणून जोर लावणारे कोण होते? तिथल्याच हिंदू संघटना. जात इंग्रजांनी बनवली, आमच्यात नाहीच, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेत सिएटल शहरानं फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली, तसं करणारं ते तिथलं पहिलं शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात विधेयक दोन्ही सभागृहांत पास झालं आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरनं ते परत पाठवलं. तिथंही विरोध करणारे आपलेच देशबांधव. सात समुद्र ओलांडले तर धर्म बुडतो म्हणणाऱ्यांची नातवंडं ती. समुद्र ओलांडताना त्यांनी बाकी सगळं सोडलं, हे एक नेमकं सांभाळून नेलं.

आता शाळेची गोष्ट. ऑक्टोबरात बाईंनी वर्गात दिवाळी घ्यायची ठरवली. तिकडे शाळेत सगळ्या धर्मांचे सण शिकवतात, चांगली गोष्ट आहे. दिवाळी म्हणजे राम-सीतेचं नाटुकलं. वर्गात भारतीय पोरगी कोण? माझी. म्हणून ती सीता. कागदी मुकुट घेऊन घरी आली. आप्पांनी मुकुट बघितला आणि माझ्याकडे बघितलं. बावीस प्रतिज्ञा त्यांना पाठ होत्या.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. बाई भली होती. मी म्हटलं, आम्ही हिंदू नाही. ती गोंधळली. पण तुम्ही भारतीय आहात ना? मी म्हटलं, आहे. बौद्ध आहे. माझ्या आजीआजोबांच्या पिढीनं १९५६ साली धर्म बदलला. तिनं विचारलं, का? आता दारात उभं राहून, पाच मिनिटांत, इंग्रजीत, ‘का’ सांगायचं होतं. मी म्हटलं, कारण त्यांना सार्वजनिक तळ्यावरचं पाणी पिऊ देत नव्हते.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, तुमचा सण वर्गाला सांगाल का? म्हणून १४ ऑक्टोबर २०१९, सोमवार, मी ड्यूटी बदलून घेतली आणि आप्पांना घेऊन वर्गात गेले. आईनं खीर केली होती. आप्पा पांढरा सदरा घालून छोट्या खुर्चीवर बसले, मराठीत बोलले, मी इंग्रजीत सांगितलं. नागपूरची गोष्ट, पंचशील, महाडचं तळं. एका गोऱ्या पोरानं हात वर केला. म्हणाला, तळं त्यांचं नव्हतं, तर पाणी का नाही पिऊ दिलं? आप्पांना मी प्रश्न सांगितला. ते हसले. म्हणाले, ह्येच आमी दोन हजार वर्सं इचारतोय.

त्या वर्गात त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आपल्या देशात उत्तरं खूप आहेत, ग्रंथच्या ग्रंथ आहेत. सहा वर्षांच्या पोराला पटेल असं त्यात एकही नाही.

मंडळ सुटलं. त्याच्या बदल्यात काय मिळालं ते सांगते. वुल्व्हरहॅम्प्टनला आंबेडकरी बौद्धांचा विहार आहे. बहुतेक माणसं पंजाबी. त्यांचे बापजादे पन्नास-साठ वर्षांपूर्वी मिडलंड्सच्या ओतकाम कारखान्यांत भट्टीवर राबायला आले. त्यांची पंजाबी मला कळेना, माझी हिंदी बम्बईया. पण ‘जय भीम’ दोन्हीकडे एकच. तिथल्या म्हातारीनं आईला जवळ घेतलं आणि दोघी एकमेकींना न कळणाऱ्या भाषेत तासभर बोलल्या. त्यांनी सांगितलं, गावाकडचे लोक इथंही गुरुद्वाऱ्यात आम्हाला वेगळं वागवायचे, म्हणून रविदासी, वाल्मीकी, सगळ्यांनी आपापली ठिकाणं उभी केली. सहा डिसेंबरला आम्ही तिथं जायचं ठरवलं होतं, ते मात्र जमलं नाही. माझी ड्यूटी. तिकडे डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो. घरी आप्पा-आईनं खिडकीत मेणबत्ती लावली आणि फोनवर चैत्यभूमीची गर्दी बघत बसले. शेजारची गोरी बाई म्हणाली, ख्रिसमसची तयारी लवकर सुरू केलीत. आईनं मान डोलावली.

आणि मग पंचवीस डिसेंबर.

त्या दिवशी इंग्लंड बंद असतं. आगगाड्या बंद, दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. सगळे आपापल्या घरात. पोरगी सकाळपासून आजोबांच्या मागे. आजोबा २९ ला जाणार होते. ती म्हणाली, माझा वाढदिवस झाला, तुमचा कधी? आप्पा म्हणाले, कागदावर एक जून. म्हणजे खोटा? खोटाच, मास्तरचा. मग खरा कधी? आप्पा म्हणाले, खरा कुणी लिवला न्हाई. ती म्हणाली, मग तुम्ही एक निवडा. पोरांना असं सुचतं. आपल्याला सत्तर वर्षांत सुचलं नव्हतं.

आप्पांनी कॅलेंडर मागितलं. जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, आजचाच.

आम्ही हसलो. म्हटलं, आप्पा, येशूच्या वाढदिवसात वाटा मागताय काय? ते हसले नाहीत. म्हणाले, माझा चुलता गोदीत व्हता. सत्तावीस साली साहेबांबरूबर बोटीनं दासगावला उतरला आनि पायी महाडला गेला. पंचवीस डिसेंबरच्या राती मनुस्मृती जाळली तवा तो तितं हुबा व्हता. तो म्हनायचा, त्या राती आमी जल्मलो. मग माजा वाढदिवस त्योच.

माहितीसाठी सांगते, गावात जागा कुणी देईना तेव्हा परिषदेला जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमानानं. आणि मनुस्मृती जाळायचा ठराव मांडला तो सहस्रबुद्धे या ब्राह्मणानं. आपल्या कॅलेंडरात ही माणसंसुद्धा आहेत.

दुकानं बंद, केक कुठून आणणार? आईनं रव्याचा शिरा केला आणि ताटात थापला. त्यावर एक मेणबत्ती. पोरीनं कागदावर मनूचं चित्र काढलं, दाढीवाला, जटावाला. नवऱ्यानं ते मागच्या अंगणात नेऊन पेटवलं. पाऊस भुरभुरत होता, पेटायला तीन काड्या लागल्या. मग आत येऊन आप्पांनी फुंकर मारली. जन्मात पहिल्यांदा. एकाहत्तराव्या वर्षी. त्यांना फुंकर मारायची कशी हेही नातीनं शिकवलं.

पण त्याच दिवशी आईनं आम्हाला झापलं. आम्ही सगळे अंगणात मनू जाळत होतो तेव्हा ती एकटी ओट्याशी. आत आलो तर म्हणाली, जाळलासा का? बरं झालं. आता भांडी कोन घासणार? मनूच्या पुस्तकात बाईसाठी काय लिहिलंय ते आईनं वाचलेलं नाही, ती वाचू शकत नाही. पण तिनं ते भोगलंय. त्या दिवशी भांडी नवऱ्यानं घासली. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या जयंतीत स्टेजवर कोण असतं आणि स्वयंपाकाच्या पातेल्यामागे कोण असतं हे मी इथंही बघते आणि वुल्व्हरहॅम्प्टनलाही बघितलं.

आणखीही आपल्याच लोकांचं बोलते. परदेशात गेलेला आपला माणूस दहा, किंग हेन्रीज रोडसमोर सेल्फी काढतो आणि ऑफिसात आडनाव बदलून वावरतो, असेही मी बघितलेत. चौदा एप्रिलला कोट घालून हॉटेलात जेवण, भाषणं इंग्रजीत, आणि पोरीच्या लग्नाला पोटजात आपलीच पाहिजे. मी त्यांना हसत नाही. मी स्वतः दोन वर्षं फोटो कपाटात ठेवलेली बाई आहे. पण लपवून काय मिळतं ते मला विचारा. पुरणपोळी मिळते. बस. आणि ती खाताना घास घशात अडकतो, की कोणी ओळखलं तर नाही ना.

पुढचं थोडक्यात. २०२० आलं. १४ एप्रिल २०२० ला मी वॉर्डात होते. तिकडे सगळ्यात जास्त माणसं मरत होती ते दिवस. बारा तास प्लास्टिकच्या गाऊनमध्ये. रात्री घरी आले तर पोरगी दारात निळा झेंडा घेऊन उभी. रस्त्यावर कोणी नाही. एकटीच जय भीम म्हणत होती. मी तिला जवळ घेऊ शकले नाही, आधी अंघोळ करायची होती.

आणि एप्रिल २०२१ मध्ये आप्पा मुंबईत गेले. कोविडनंच. २३ एप्रिलपासून ब्रिटननं भारताला लाल यादीत टाकलं होतं. जाऊन परत यायचं तर हॉटेलात कोंडून घ्यायचं, माणशी १७५० पौंड. आणि वॉर्डात सुट्टी नव्हती. मी गेले नाही. बापाचं शेवटचं मी फोनवर बघितलं.

भावानं मृत्यूचा दाखला पाठवला. जन्मतारीख १ जून. खाली मृत्यूची तारीख, वेळसुद्धा लिहिलेली, मिनिटापर्यंत. माझ्या बापाच्या सरकारी कागदांतली पहिली खरी तारीख त्याच्या मरणाची होती.

मित्रांनो, म्हणून हे केकवरचं भाषण. तुम्हाला दोन कामं सांगते आणि बसते.

पहिलं. आज घरी गेलात की आजीला विचारा, तू कधी जन्मलीस? ती म्हणेल, काय ठाव. मग विचारा, पाऊस होता का, कुठला दुष्काळ होता, गावात काय जळालं होतं, कुणाची म्हैस मेली होती. ते सगळं लिहून घ्या. ती म्हैसच आपला इतिहास आहे. दुसरा कुणी तो लिहिणार नाही. आणि तारीख नाहीच सापडली तर तिला निवडू द्या. मास्तरनं दिलेली आणि मशीननं दिलेली तारीख कागदाला राहू दे. घरात मात्र तिचीच चालेल.

दुसरं. उद्या तुम्ही शिकायला, नोकरीला बाहेर जाल. जरूर जा. पुण्याला जा, बंगलोरला जा, लंडनला जा. पहिल्या दिवशी खोलीत खिळा ठोका आणि त्यावर फोटो लावा. आमंत्रणं कमी येतील. येणारी माणसं खरी असतील. ती नायजेरियन जुळी अजून माझ्या पोरीच्या वाढदिवसाला फोन करतात.

आमच्या घरी पंचवीस डिसेंबरला अजून शिरा होतो. ताटात थापलेला, वर एक मेणबत्ती. फुंकर आता पोरगी मारते. ती अकरा वर्षांची झाल्यावर तिनं विचारलं, आजोबा नाहीत तरी वाढदिवस करायचा? आई म्हणाली, बाबासायबांचा करतूच की.

भांडी अजून नवराच घासतो.

जय भीम.